स्ट्रेस टेस्ट पास, तरी पीसी बसल्या बसल्या रीस्टार्ट? एसएमपीएस बदलायच्या आधी हे वाच

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर इथेच कळेल. रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, आरटीएक्स ३०६० टीआय ग्राफिक कार्ड, ५५० वॉटचा एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय. आधी आठ-आठ जीबीच्या दोन रॅम होत्या, दिवाळीत अजून दोन टाकल्यास. मग एका रात्रीत व्हिडिओ बघून तीन गोष्टी केल्यास: चारही रॅम एक्सएमपी (रॅमवाल्याने रॅममध्येच भरून दिलेलं जास्त वेगाचं सेटिंग) लावून ३६०० वर, कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरच्या कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करायचं सेटिंग) सगळ्या कोअरना मायनस ३०, आणि ग्राफिक कार्डाला कोअर प्लस १५०, मेमरी प्लस ८००. स्ट्रेस टेस्ट तासभर चालवली तर काही होत नाही. पण रात्री डाउनलोड लावून झोपलं की सकाळी पीसी लॉगिन स्क्रीनवर, म्हणजे मधेच कधीतरी रीस्टार्ट झालेला असतो. दुपारी गेम अर्ध्या-पाऊण तासाने डेस्कटॉपवर फेकतो. आणि एकदा निळी स्क्रीन आली त्यावर मेमरी मॅनेजमेंट असं होतं. कांदिवलीतला दुकानदार म्हणतोय एसएमपीएस गेलाय, साडेपाच हजार. आणि तू विचारतोयस, "काका, बदलू का?"

काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. बदलू नकोस, निदान आत्ता तरी. दुकानदार फसवतोय असंही मी म्हणत नाही हां. लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, सोळा वर्षं मी स्वतः काउंटरच्या आतल्या बाजूला उभा होतो, समोर गिऱ्हाईक, त्याच्या मागे अजून चार जण घाईत, आणि मशीन वीस मिनिटं चालवलं तर शहाण्यासारखं चालतं, अशा वेळी तोंडातून एसएमपीएसच निघतं कारण ते कधी कधी बरोबरही निघतं. पण तुझ्या बाबतीत ते आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी होण्याची शक्यता जास्त वाटते.

तू क्रॅशचं एक कारण शोधतोयस आणि तिथेच अडकलायस. तू बदल तीन केलेस आणि लक्षणंही तीन प्रकारची आहेत. रिकामं मशीन रीस्टार्ट होणं, गेम डेस्कटॉपवर फेकणं, आणि मेमरीची निळी स्क्रीन, हे तिन्ही एकाच गोष्टीमुळे होत असेलही, पण माझ्या अनुभवात ज्याने तिन्ही एकदम वाढवलंय त्याच्याकडे बहुतेक वेळा तिन्ही थोडं थोडं चुकलेलं असतं, आणि मग एक सुधारलं तरी क्रॅश होतोच म्हणून माणूस समजतो की ते कारण नव्हतं आणि परत पहिल्यासारखं करून ठेवतो. असे लोक महिना महिना फिरत राहतात.

म्हणून पहिलं काम, सगळं स्टॉकवर, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवर आण. सगळं म्हणजे सगळं, एक्सएमपीसुद्धा बंद. हे ऐकून पोरं म्हणतात की एक्सएमपी तर कंपनीनेच दिलंय, ते कुठे ओव्हरक्लॉक? ते ओव्हरक्लॉकच आहे, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. रॅमच्या पाकिटावर ३६०० लिहिलेलं असलं तरी ते रॅमवाल्याने रॅमपुरतं तपासलेलं असतं, तुझ्या प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर ते झेपवेल असं कोणी लिहून दिलेलं नाही. ५६००एक्सला एएमडीचा अधिकृत आकडा दोन रॅमना ३२०० आहे, आणि चार रॅम लावल्या की तोच आकडा सिंगल रँकला (रँक म्हणजे रॅमवरच्या चिपचा एक गट) २९३३ वर आणि ड्युअल रँकला २६६७ वर येतो. तू चार लावून ३६०० मागतोयस. चालणारच नाही असं नाही, कित्येक जणांचं चालतं, माझ्या घरचं एक चालतंय. पण ते नशिबाने मिळतं, हक्काने नाही.

स्टॉकला आणायच्या आधी कॉलेजचं प्रोजेक्ट वगैरे जे काही असेल ते बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करून घे. हे मी सवयीने सांगत नाहीये. रॅम अधूनमधून एखादा बिट चुकवत असेल तर प्रत्येक वेळी क्रॅश होत नाही, कधी कधी तो चुकलेला बिट गुपचूप फाइलमध्ये जाऊन बसतो. गिरगावातला एक लग्नाचे व्हिडिओ करणारा माझ्याकडे आला होता, तक्रार काय तर झिप फाइल उघडताना सीआरसी एरर, म्हणजे आतला डेटा जुळत नाही असा एरर येतो, हार्ड डिस्क खराब आहे बदलून द्या. हार्ड डिस्क ठणठणीत होती. आठ महिन्यांपूर्वी रॅमचं टायमिंग कमी केलेलं, आणि एवढ्या दिवसांत एकदाही निळी स्क्रीन नाही. तीन लग्नांचं फुटेज मात्र मधे मधे हिरव्या चौकटींचं झालेलं. नवरा-नवरीला काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

तर बॅकअप, मग स्टॉक, आणि तीन-चार दिवस नेहमीसारखं वापर. रात्री डाउनलोड लाव, दुपारी गेम खेळ. जाताजाता विंडोजमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरीत जाऊन ऑटोमॅटिकली रीस्टार्टची टिक काढून टाक, म्हणजे निळी स्क्रीन आली तर ती थांबून राहील आणि फोटो काढता येईल. आत्ता काय होतंय की ती येऊन जात असेलही आणि तुला फक्त रीस्टार्ट दिसतोय. आणि कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनमधून उघडून एसएफसी स्कॅननाऊ ही विंडोजच्या फाइली तपासणारी कमांड एकदा चालव, कारण इतके दिवस अस्थिर मशीनवर विंडोजने अपडेट घेतले असतील तर सिस्टमच्याच एक-दोन फाइली बिघडलेल्या असू शकतात, आणि मग सगळं स्टॉक करूनही क्रॅश होतो आणि आपण हार्डवेअरच्या नावाने बोटं मोडत बसतो.

स्टॉकवर क्रॅश झाला तर सगळं गणित वेगळं, ते पुढे सांगतो. नाही झाला, आणि मला वाटतं होणार नाही, तर मग दोषी तुझ्या सेटिंगमध्येच बसलाय.

आता इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही उघड. तू लिहिलंयस की तिथे कर्नल-पॉवर ४१ दिसतो आणि गुगल केलं तर सगळे पॉवर सप्लाय म्हणतात. त्या ४१ ला फार मनावर घेऊ नकोस. तो एवढंच सांगतो की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. तू स्वतः बटण दाबून ठेवून बंद केलंस तरी ४१ च येईल. त्याच्या डिटेल्समध्ये बगचेक कोड (निळ्या स्क्रीनचा नंबर) शून्य असेल तर विंडोजला काही लिहायलाच वेळ मिळाला नाही, इतकाच अर्थ. खरी नोंद त्याच्या आसपास असते, डब्ल्यूएचईए-लॉगर नावाने, त्यात हार्डवेअरचे एरर येतात. त्यात इव्हेंट १८ असेल आणि कॅशे हायरार्की एरर लिहिलं असेल तर बोट थेट प्रोसेसरच्या कोअरकडे. खाली प्रोसेसर एपीआयसी आयडी असा आकडा असतो, तुझ्या सहा कोअरच्या चिपला त्याला दोनने भागायचं, म्हणजे आयडी ४ किंवा ५ असेल तर कोअर नंबर २, मोजणी शून्यापासून. चार-पाच नोंदींत तोच कोअर परत परत दिसला तर अर्धं काम झालं. इव्हेंट १९ असेल आणि बस इंटरकनेक्ट लिहिलं असेल तर तो दुरुस्त झालेला एरर असतो, मशीन पडत नाही पण आतल्या इन्फिनिटी फॅब्रिकचा (प्रोसेसरच्या आतले भाग जोडणाऱ्या रस्त्याचा) वेग झेपत नाहीये असं समजायचं. आणि यातलं काहीच नसेल तर नोंद नाही म्हणजे दोष नाही असं नसतं, मशीन इतक्या पटकन पडलं की लिहिलंच गेलं नाही.

आता ज्याने तू सगळ्यात जास्त बुचकळ्यात पडलायस ते. स्ट्रेस टेस्टला तासभर टिकतं आणि रिकामं असताना पडतं, हे उलटं कसं?

हे बघ, पीक अवरची विरार फास्ट असते ना, चौथ्या सीटलाही जागा नाही, तिच्यात ब्रेक लागला तरी माणूस पडत नाही कारण पडायला जागाच नसते. रिकाम्या डब्यात मधोमध बिनधास्त उभा राहिलेला माणूस अचानक ब्रेक लागला की धडपडतो. प्रोसेसरचं तसंच आहे. सगळ्या सहा कोअरवर पूर्ण लोड दिला की ५६००एक्स स्टॉकला ७६ वॉटच्या मर्यादेला येऊन टेकतो, त्यामुळे वेग आपोआप खाली येतो आणि व्होल्टेजही कमी असतं, तिथे मायनस ३० लावलेलं असलं तरी जरा हातचं शिल्लक राहतं. पण मशीन रिकामं असताना एखादी छोटी गोष्ट जागी होते, अँटिव्हायरस म्हण, डाउनलोडचा एक तुकडा लिहिणं म्हण, तेव्हा एकटा कोअर झोपेतून उठून एका क्षणात ४.६ गिगाहर्ट्झला आणि वर बूस्टला प्लस दिलं असशील तर त्याच्याही पुढे उडी मारतो. त्या टोकाला चिपला जेवढं व्होल्टेज लागतं तेवढं कंपनीने मोजून मापून ठेवलेलं असतं, आणि तू त्यातूनच कापलंयस. कर्व्ह ऑप्टिमायझरचा एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, म्हणजे मायनस ३० ला ९० ते १५० मिलिव्होल्ट. कमी नाही ते.

त्यात अजून एक गोम. सगळे कोअर सारखे नसतात. एएमडीच्या रायझन मास्टर ॲपमध्ये ज्यांच्यावर तारा दिसतो ते सगळ्यात चांगले कोअर, आणि लोकांना वाटतं की चांगला कोअर आहे म्हणजे जास्त मायनस सहन करेल. उलट आहे. चांगल्या कोअरला कंपनीनेच आधी कमी व्होल्टेज दिलेलं असतं, आणि एकट्याचं काम आलं की विंडोज त्यालाच पुढे करतं. म्हणजे ज्याच्याकडे कापायला सगळ्यात कमी आहे त्यालाच सगळ्यात वर पळवतो आपण. सगळ्यांना एकच आकडा लावलेला सेटअप रात्री झोपेत पडला तर मी पहिला संशय याच्यावर घेतो.

पण मी सुरुवात प्रोसेसरपासून करत नाही, रॅमपासून करतो. कारण रॅम डळमळीत असेल तर बाकीच्या कुठल्याच टेस्टचा निकाल खरा धरता येत नाही. क्रॅश झाला, पण कोअरमुळे की रॅममुळे, कसं सांगणार?

तर प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड स्टॉकवरच ठेवून फक्त एक्सएमपी लाव. आधी जुन्या दोनच रॅम, प्रोसेसरकडून मोजलं तर दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. लावायच्या आधी एक बघ, काढलेल्या रॅमचे सोनेरी दात उजेडात धरून. मुंबईत, त्यातून खाडीजवळ किंवा समुद्राजवळ राहत असशील तर, पावसाळ्यानंतर त्यांच्यावर एक मळकट थर दिसतो, बोटाने पुसला तर जात नाही. आमच्याकडे सगळे खोडरबर मारायचे, मी पण वर्षानुवर्षं मारलाय आणि त्याने चालू झालेल्या मशीन मोजल्या तर शेकड्यात जातील, पण त्याने सोन्याचा मुलामाही घासला जातो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनलिंटचं फडकं घे, केमिस्टकडे नाही मिळालं तर मोबाइल रिपेअरवाल्याकडे नक्की मिळेल. लावताना टक असा आवाज आला पाहिजे. बी५५० च्या बऱ्याच बोर्डांवर एकाच बाजूला क्लिप असते, दुसरं टोक बसलंय असं वाटतं आणि बसलेलं नसतं.

मग मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं टूल पेनड्राइव्हवरून, चारही पास, रात्रभर. एकही एरर आला तर नापास, "एकच आलाय" असं नसतं. आणि ते पास झालं तरी मी विंडोजच्या आत टेस्टमेम५ चालवतो, सोबत ग्राफिक कार्डावर काहीतरी लोड देऊन. का, तर मेमटेस्टच्या वेळी ग्राफिक कार्ड थंड असतं, आणि खऱ्या आयुष्यात गेम चालू असताना कार्डाची सगळी गरम हवा थेट रॅमवर जाते. रॅमच्या सेलमधला चार्ज गरम झाल्यावर लवकर गळतो, टायमिंग काठावर असेल तर ४० अंशांला पास झालेली रॅम ५२ ला एरर देते. तुझा गेम दुपारीच पडतो आणि रात्री कमी, असं तू ओझरतं लिहिलंयस ना, ते मला महत्त्वाचं वाटलं.

दोन रॅमवर पास झालं की नव्या दोन टाक आणि परत सगळं. इथे एरर आले तर रॅम खराब आहे म्हणून दुकानात भांडायला जाऊ नकोस, दोन वेगळ्या वेळी घेतलेल्या जोड्या, वर बॉक्स सेम असला तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. ३४०० किंवा ३२०० करून बघ. ३६०० म्हणजे खरं तर १८०० मेगाहर्ट्झ, दुप्पट करून लिहितात, आणि फॅब्रिक पण तेवढ्यालाच पळतं, त्यामुळे खाली आलास की दोघांवरचा ताण एकदम उतरतो. एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारं) बोर्डाने ऑटोवर फार वर नेलेलं नाही ना तेवढं बघ, मी १.१ व्होल्टच्या वर सहसा जात नाही. रॅमचं १.३५ ठीक आहे. ३६०० वरून ३२०० वर आल्याने गेममध्ये किती फरक पडतो ते स्वतः मोज, मी सांगितलं तर विश्वास बसणार नाही, खूप कमी.

रॅम पक्की झाली की मग कोअर. सगळ्यांना मायनस १० पासून सुरुवात कर, तारेवाल्या दोन कोअरना मायनस ५. त्यासाठी कोअरसायकलर नावाचं छोटं फुकट टूल आहे, ते एका वेळी एकाच कोअरवर लोड टाकतं आणि मग पुढच्या, म्हणजे तो एकटा कोअर त्याच्या सगळ्यात वरच्या वेगाला पळतो आणि काठावर असेल तर तिथे पडतो. सगळे कोअर एकदम पिळणारी तुझी स्ट्रेस टेस्ट हेच कधी तपासत नव्हती. रात्री लावून झोप, सकाळी लॉगमध्ये कुठला कोअर नापास ते लिहिलेलं असतं, त्याला तीन-चार आकड्यांनी वर घे. पास झालेल्यांना पाच-पाच ने खाली ने. आठवडा लागतो, घाई नाही. आणि एक वही घे, खरोखरची कागदाची वही, त्यात तारीख, काय बदललं, काय झालं. बायोस (बोर्डाची ही सगळी सेटिंग जिथे असतात तो) रिसेट झाला की मोबाइलमधले फोटो शोधत बसावं लागतं, आणि "मागच्या वेळी कोअर ३ ला किती होतं" हे कुणाला आठवत नाही.

एवढं करून रात्रीचा रीस्टार्ट राहिला तर बायोसमध्ये पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल असं एक सेटिंग असतं, ते टिपिकल करंट आयडल कर. काही एसएमपीएसना प्रोसेसर फारच कमी करंट घ्यायला लागला की ते जमत नाही. म्हणजे बघ, तुझा दुकानदार पूर्ण चुकीचा नसेलही, पण हे सेटिंग फुकट आहे.

ग्राफिक कार्ड शेवटी. त्याचं लक्षण बहुतेक वेळा वेगळं असतं: पीसी चालू राहतो, फक्त गेम उडतो, किंवा स्क्रीन दोन सेकंद काळी होऊन परत येते. विंडोज कार्डाकडून दोन सेकंद उत्तर आलं नाही की ड्रायव्हर रिसेट करतं, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ म्हणून नोंद पडते. प्लस १५० हा आकडा तू कुणाच्या तरी व्हिडिओतून घेतलायस, तो त्याच्या चिपचा आहे, तुझ्या नाही. शून्यावर आण, मग १५-१५ ने चढव, प्रत्येक पायरीला तुझा तोच गेम तासभर खेळ, बेंचमार्क नाही. आणि मेमरीचं प्लस ८०० एकदम काढून टाक, कारण व्हीआरएएम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, जास्त ताणली की क्रॅश होण्याच्या आधी कधी कधी एफपीएसच (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) घटतो आणि आपल्याला वाटतं आपण वेग वाढवलाय. इथेही रिकाम्या डब्याचा नियम लागू आहे बरं का, काही गेम भर लढाईत पडत नाहीत, मेन्यूत पडतात, कारण मेन्यूत कार्ड थंड असतं आणि क्लॉक सगळ्यात वर.

आता गरमीचं. इथे मी तुला नक्की काही सांगू शकत नाही कारण ते तुझ्या खोलीवर आहे. ढोबळ हिशोब असा की खोलीचं तापमान १ अंश वाढलं की आतलं सगळं साधारण तेवढंच वाढतं. परदेशातला माणूस २१-२२ अंशांच्या खोलीत टेस्ट करून आकडे सांगतो, आपल्याकडे मे महिन्यात पंखा चालू असलेल्या खोलीत ३३-३४ असतं, आणि टेबलाच्या कप्प्यात मागे भिंतीला टेकवून ठेवलेल्या कॅबिनेटच्या आत त्याहून बरंच जास्त. म्हणजे सुरुवातच बारा अंश वरून. एसी लावून रात्री केलेली टेस्ट दुपारी कामाची नाही. मी शेवटची टेस्ट नेहमी दुपारी तीनला, एसी बंद, दार लावून करतो. बायको ओरडते. त्या अवस्थेत पास झालं तर बाराही महिने चालतं. आणि कॅबिनेटचं पुढचं जाळीचं फिल्टर काढून बघ, आजूबाजूला एखादं बांधकाम चालू असेल, आणि मुंबईत ते कुठे चालू नसतं, तर दोन महिन्यांत त्याच्यावर गोधडी तयार होते.

आता स्टॉकवरही पडत असेल तर. आधी हिशोब: पीबीओ (कंपनीच्या वॉटच्या मर्यादेपुढे जाऊ देणारं सेटिंग) लावलेला धरला तरी तुझा प्रोसेसर १००-१२० वॉट, कार्ड २००, बाकी सगळं मिळून ५०-६०. पावणेचारशेच्या आसपास. ५५० वॉटचा एसएमपीएस प्रामाणिक असेल तर पुरतो, कार्ड क्षणभर उसळी मारतं ती धरूनही. एसएमपीएस ओव्हरलोडने पडतो तेव्हा सहसा गेमच्या ऐन भरात मशीन टक करून पूर्ण बंद होतं, आणि पुष्कळदा मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय चालूच होत नाही. तुझं तसं नाहीये. तरी एचडब्ल्यूइन्फो नावाच्या टूलमध्ये १२ व्होल्टची लाइन बघ, लोडवर ११.४ च्या खाली जाता कामा नये, फक्त बोर्डाचा सेन्सर फार विश्वासू नसतो म्हणून कमी दिसलं तर मल्टिमीटर लावून खात्री कर. कार्डाला दोन ८-पिन असतील तर एकाच वायरीचे दोन फाटे लावू नकोस, दोन वेगळ्या वायरी लाव.

आणि भिंतीकडे बघ. परळच्या एका चाळीत एक पीसी रोज संध्याकाळी साडेसातच्या सुमारास रीस्टार्ट व्हायचा, दोन जणांनी दोन एसएमपीएस बदलून झालेले. मी गेलो आणि पीसी न उघडता आधी प्लगला हात लावला, कोमट लागला. काढून बघितलं तर एक पिन काळी पडलेली आणि एक्स्टेंशन बोर्डाच्या आतली पितळी पट्टी सैल. त्याच बोर्डावर फ्रिज, आणि साडेसातला स्वयंपाकाची वेळ म्हणून मिक्सर. शंभर-सव्वाशेचा बोर्ड बदलला आणि काम झालं.

दुसरं एक, हे कुणी सांगत नाही. रीसेटचं बटण. पावसाळ्यात कॅबिनेटच्या स्वस्तातल्या बटणाच्या आत गंज धरतो आणि ते आपलं आपण दाबलं जातं. बाहेरून कळत नाही, निळी स्क्रीन नाही, नोंद नाही, नुसता रीस्टार्ट. बोर्डावरची रीसेटची दोन पिनांची वायर काढून ठेवून दे, तसंही कोण वापरतं ते बटण. याच्यामुळे मी एकदा स्वतःच्या मशीनवर चार दिवस रॅमचं टायमिंग बदलत बसलो होतो, वर तोंड करून इतरांना शिकवणारा मी.

बायोस जुना असेल तर अपडेट कर, पण सगळं स्टॉकवर असताना, आणि लाइट जाणार नाही अशा वेळी. अपडेटनंतर सेटिंग उडतात, तेव्हा वही कामाला येते. इंटेलवाल्या मित्रांना एक सांगून ठेव, १३व्या किंवा १४व्या पिढीचा वरचा प्रोसेसर असेल आणि काही न छेडताच गेम पडत असतील तर तो वेगळा किस्सा आहे, तिथे चिपलाच जास्त व्होल्टेज जाऊन ती झिजत होती, त्यावरचा मायक्रोकोड (चिपच्या आतल्या प्रोग्रामचा अपडेट) ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झिजलेली चिप अपडेटने बरी होत नाही, बदलूनच घ्यावी लागते.

हे सगळं करून मिळणार काय, तेही सांगतो, कारण तू विचारलं नाहीस तरी ते कळलेलं बरं. १९९८ ला सेलेरॉन ३००ए आला होता, त्याची बस ६६ वरून १०० केली की ३०० चा ४५० व्हायचा, दीडपट, आणि तोही साध्या पंख्यावर. आम्ही गल्लीत उभं राहून गिऱ्हाइकाच्या समोर करून दाखवायचो, गर्दी जमायची. ते दिवस गेले. आता कंपनीच चिपमधलं सगळं पिळून विकते, तुझ्या हाताला लागणार तीन-पाच टक्के. मी तुझ्या जागी असतो तर रॅम ३२०० ला पक्की केली असती, कर्व्ह मायनस १०-१५ वर ठेवला असता, त्याने वेगापेक्षा तापमान उतरतं आणि मुंबईत तेच जास्त उपयोगी, आणि कार्डाला उलट अंडरव्होल्ट केलं असतं, म्हणजे कमी व्होल्टेजवर चालवलं असतं. पण वीस-बाविसाव्या वर्षी मीही असं ऐकलं नसतं, तेव्हा वरच्या क्रमाने खुशाल कर.

आत्ता फक्त स्टॉक, चार दिवस, रीसेटची वायर काढलेली, ऑटो रीस्टार्ट बंद. त्यात पडला तर निळ्या स्क्रीनचा फोटो, डब्ल्यूएचईएची नोंद आणि त्या वेळी काय चालू होतं, किती वाजले होते हे लिही. आणि प्लगला एकदा हात लावून बघ, गरम आहे का ते पण लिही. साडेपाच हजार तोपर्यंत खिशात राहू देत.